पाणबुडीचा श्वास



मूर्तिजापूर जंक्शनावर रात्रीं गाडी उभी राहिली, तरी जुन्या पद्धतीच्या डब्यांतील दिवे विझत नसत. गाडी धांवत असतां आंसाबरोबर फिरणारा डायनामो वीज निर्माण करी आणि डब्याखालील शिशाच्या बॅटरींत ती सांठवी. गाडी थांबल्यावर त्याच शिदोरीवर दिवे तेवत राहत. वऱ्हाडापासून समुद्र फार दूर खरा, पण पाणबुडीचें मर्म एवढ्याशा या व्यवस्थेंत सांपडतें.

मुंबईच्या माझगांव गोदींत बांधलेली ‘कलवरी’ पाणबुडी १४ डिसेंबर २०१७ रोजीं नौदलांत दाखल झाली. तिच्यांत ३६० विद्युत्घट आहेत आणि एकेकाचें वजन ७५० किलो. म्हणजे नुसत्या बॅटरीचाच भार २७० टन! पाण्याखालीं हेंच तिचें बळ, कारण डीझेल यंत्राला हवा लागते, आणि ती तेथें आणावयाची कोठून? वीज खर्च होऊं लागली, कीं शिशाच्या दोन्ही पत्र्यांवर सल्फेटाचें पुट चढतें, आम्ल सौम्य होत जातें आणि घट थकतात. मग वर येऊन, नळी पाण्याबाहेर काढून, यंत्र चालवावें लागतें. नळी रडारला दिसते, यंत्राचा आवाज दूरवर जातो. शत्रु याच घटकेची वाट पाहत असतो. शिवाय घट भरतांना हायड्रोजन सुटतो. हवेंत त्याचें प्रमाण शेंकडा चारावर गेलें, तर एक ठिणगी पुरे. कलवरी हें नांव खोल समुद्रांतील एका शार्काचें. पण बिचारीला वागावें लागतें देवमाशाप्रमाणें!

अंबरनाथच्या नौदल सामग्री संशोधन प्रयोगशाळेनें यावर काढलेला उपाय मला बॅटरी मोठी करण्यापेक्षां शहाणपणाचा वाटतो. तो उपाय म्हणजे इंधन-घट. हायड्रोजन व प्राणवायु येथें जाळावयाचे नाहींत. फॉस्फरिक आम्लाच्या दोहों बाजूंनीं आणून त्यांचा संयोग घडवावयाचा. वीज आणि उष्णता मिळते. मागें उरतें तें केवळ पाणी. डीझेल यंत्राची घरघर नाहीं. हायड्रोजनही पाणबुडींतच, लागेल तसा, तयार करावयाचा. अर्थात् ही शक्ति मंद गतीपुरती. वेगानें पळावयाचें झाल्यास पुन्हां बॅटरीलाच शरण जावें लागतें.

या योजनेची जमिनीवरील महत्त्वाची चाचणी ८ मार्च २०२१ रोजीं पार पडली. ३० डिसेंबर २०२४ रोजीं संरक्षण मंत्रालयानें माझगांव गोदीशीं सुमारें १,९९० कोटि रुपयांचा करार केला. त्यानुसार हें यंत्र सामावणारा नवा भाग बांधावयाचा, पाणबुडीचा सांगाडा कापावयाचा, आणि तो भाग मध्यें जोडावयाचा.