सिनाईचा मठ : दोन कागदांची कथा



इजिप्तच्या सिनाई द्वीपकल्पात, उघड्याबोडक्या डोंगरांच्या कुशीत सेंट कॅथरिनचा मठ उभा आहे. मोझेसला दहा आज्ञा मिळाल्या त्या पर्वताचा हा पायथा, अशी श्रद्धा आहे. बादशहा जस्टिनियनने सहाव्या शतकात तो बांधविला, आणि ग्रीक ऑर्थोडॉक्स संन्यासी आजही तेथे प्रार्थना करतात. भिंती ग्रॅनाइटच्या. कित्येक शतके आलेल्या माणसाला दोराने वर ओढून आत घेत. परंतु भिंतीने फार तर चोर अडतो; मूठभर निःशस्त्र माणसे चौदाशे वर्षे केवळ भिंतीवर जगत नाहीत. हा मठ शेजाऱ्यांच्या शब्दावर जगला.

खुद्द महंमद पैगंबरांनी आपल्या पंजाचा ठसा उमटवून मठाला अभयपत्र दिले, अशी तेथील परंपरा आहे. आपल्या जुन्या दप्तरांत ज्याला कौल म्हणतात, तसेच हे. इतिहाससंशोधक त्याच्या अस्सलपणाविषयी साशंक आहेत. पण एकामागून एक आलेल्या मुसलमानी राजवटींनी तो कौल मानला, हे महत्त्वाचे. मठाच्या आवारात, चर्चच्या शेजारी, फातिमी काळापासून मशीद आहे. मठाची कामे पिढ्यान्‌पिढ्या करणारे जबालिया बेदुइन मुसलमानच. आणखी एक नवल ऐका. आठव्या शतकात बायझंटाइन ख्रिस्ती बादशहांनीच पवित्र चित्रे नष्ट करण्याचा हुकूम काढला. सिनाईवर तेव्हा मुसलमानांचे राज्य होते, म्हणून तो हुकूम तेथे पोहोचला नाही, आणि सहाव्या शतकातील ख्रिस्ताचे चित्र आज आपल्याला पाहावयास मिळते!

आता दुसरा कागद. टिशेनडॉर्फ नावाचा जर्मन पंडित १८४४ मध्ये मठात आला आणि बायबलच्या चौथ्या शतकातील ग्रीक हस्तलिखिताची ४३ पाने घेऊन गेला. १८५९ मध्ये तो रशियाच्या झारच्या आश्रयाने पुन्हा आला. या वेळी उरलेली बहुतेक पाने त्याने नेली, ती परत करण्याचे लेखी वचन देऊन. पाने परत आली नाहीत. १८६९ मध्ये झारच्या नावे दानपत्र झाले; ते कितपत राजीखुशीने झाले, यावर आजही वाद आहे. १९३३ मध्ये सोव्हिएत सरकारने तो ग्रंथ एक लाख पौंडांना ब्रिटिश म्युझियमला विकला. मठाजवळ उरली ती वचनचिठ्ठी.

सुदैवाने कथा येथे संपत नाही. १९७५ मध्ये मठाच्या उत्तरेकडील भिंतीलगतच्या एका बुजलेल्या खोलीत असंख्य हस्तलिखिते सापडली. त्यांत या ग्रंथाचीही काही पाने होती. २००९ मध्ये लंडन, लाइपझिग, सेंट पीटर्सबर्ग आणि सिनाई येथील सर्व पाने संगणकावर एकत्र आली. जागा मात्र चार त्या चारच.

मे २०२५ मध्ये इजिप्तच्या एका न्यायालयाने, मठाची जागा सरकारच्या मालकीची आहे व संन्याशांना वापराचा हक्क आहे, असा निर्णय दिला. त्यावरून मोठी खळबळ उडाली. पुन्हा प्रश्न कागदाचाच!

श्रोतेहो, एक कागद संशयास्पद, पण पाळला गेला. दुसरा अस्सल सहीचा, पण पाळला गेला नाही. कागदाची किंमत शाईवर नाही, पाळणाऱ्याच्या नियतीवर ठरते. सिनाईच्या मठाचा इतिहास मला तरी हेच सांगतो.