दुधातले एक अक्षर



आमचा आष्टी तालुका पावसाच्या मर्जीवर जगणारा. शेताने दगा दिला की घर चालते ते गोठ्यातल्या दोन-चार गाईंवर. सकाळ-संध्याकाळ किटल्या संकलन केंद्रावर जातात. त्यातले बरेचसे दूध काळ्या-पांढऱ्या संकरित गाईंचे. पण अलीकडे या दुधाकडे संशयाने पाहिले जाते. शेजारची एक सून मला म्हणाली, "चाचा, आपल्या गाईच्या दुधानं लेकरांना साखरेचा आजार होतो म्हणं. देशी गाईचं 'ए-टू' दूधच पाजावं म्हणत्यात. पर ते परवडतंय कुणाला?"

मी कवितेतला माणूस, डॉक्टर नव्हे. पण प्रश्न लेकरांचा होता, म्हणून जमेल तेवढे वाचून काढले.

दुधातल्या प्रथिनांपैकी साधारण ८० टक्के केसीन असते. त्यातलाच एक प्रकार म्हणजे बीटा-केसीन. ही २०९ अमिनो आम्लांची साखळी आहे. कवीच्या भाषेत सांगायचे तर २०९ अक्षरांची एक ओळ. या ओळीतले ६७ वे अक्षर 'प्रोलीन' असेल तर ते ए-टू आणि 'हिस्टिडीन' असेल तर ए-वन. 'दिन' आणि 'दीन' यांत एका वेलांटीचा फरक आणि अर्थ मात्र पार वेगळा. इथे अर्थ किती बदलतो, हाच सगळा वाद आहे.

ए-वन प्रथिन पचताना त्या जागी तुटते आणि सात अमिनो आम्लांचा एक तुकडा सुटतो. त्याला बीटा-केसोमॉर्फिन-७ म्हणतात. १९९० च्या दशकात न्यूझीलंडमधले बालरोगतज्ज्ञ बॉब इलियट यांनी याचा संबंध लहान मुलांच्या मधुमेहाशी असावा, अशी शंका मांडली. पुढे हृदयविकाराचेही नाव जोडले गेले. २००० साली त्याच देशात ए-टू दूध विकणारी कंपनी निघाली. २००७ मध्ये कीथ वुडफर्ड यांचे या विषयावरचे पुस्तक आले आणि भीती जगभर पसरली.

मग युरोपच्या अन्न सुरक्षा संस्थेने उपलब्ध संशोधन तपासले आणि २००९ मध्ये निष्कर्ष दिला की, हा तुकडा या आजारांना कारणीभूत ठरतो असे सिद्ध होत नाही. २०१६ मध्ये चीनमधल्या ४५ जणांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ए-टू दुधाने पोटाचा त्रास कमी झाल्याचे त्यात दिसले. मात्र त्याचा खर्च ए-टू दूध विकणाऱ्या कंपनीनेच केला होता. तेव्हा पोटाला थोडा फरक पडत असेलही, पण मधुमेहाची भीती घालण्याइतका पुरावा नाही.

आता आपल्या गोठ्याकडे वळू. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोच्या तपासणीत आपल्या देशी गाईंमध्ये जवळजवळ सगळीकडे ए-टूच आढळले. मराठवाड्याच्या देवणी आणि लाल कंधारी या देशी जाती. म्हशीचे आणि शेळीचे दूधही ए-टू प्रकारातच मोडते. म्हणजे दारात म्हैस असणाऱ्याने त्या नावासाठी जादा पैसे मोजण्याचे कारण नाही. आणि संकरित गाय म्हणजे ए-वनच, हेही खरे नाही. गाईला आईकडून एक आणि बापाकडून एक जनुक मिळते. त्यामुळे कित्येक संकरित गाई ए-टूच देतात. ते रंगावरून कळत नाही, त्यासाठी जनुकाची तपासणी लागते.

आपल्या सरकारी यंत्रणेचाही गोंधळ झाला. देशाच्या अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २१ ऑगस्ट २०२४ रोजी वेष्टनांवरचे ए-वन, ए-टूचे दावे काढायला सांगितले आणि पाचच दिवसांत तो आदेश मागे घेतला.

एक सावधगिरी मात्र हवी. दूध प्याल्यावर पोट फुगते, जुलाब होतात, त्यामागे पुष्कळदा दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, न पचणे हे कारण असते. ती साखर दोन्ही दुधांत सारखीच. अशांना दही बहुधा सोसते. आणि ज्या लेकराला दुधाच्या प्रथिनाचीच ॲलर्जी आहे, त्याला 'ए-टू आहे' म्हणून दूध पाजणे धोक्याचे. तिथे डॉक्टरांचाच सल्ला घ्यावा.

देशी गाय जरूर पाळावी. ती आपल्या उन्हाला आणि कमी चाऱ्याला टिकते, हा तिचा मोठा गुण आहे. पण तिचे कौतुक करताना गरिबाच्या संकरित गाईला विषारी ठरवू नये. दूध भेसळीचे नसावे, भांडे स्वच्छ असावे, दूध नीट उकळलेले असावे, याची फिकीर आधी करावी.

त्या सुनेला मी एवढेच म्हणालो, "पोरी, तुझ्या लेकराला ए-वन दुधापेक्षा दूध न मिळण्याचाच धोका मोठा. भीतीपायी त्याचा पेला अर्धा करू नकोस."