पिकअपच्या टायरात हवा किती?

बरेच पिकअपवाले चारही चाकांत सारखीच हवा भरतात. पण मालाचं वजन येतं ते मुख्यतः मागच्या चाकांवर. म्हणून ड्रायव्हरच्या दाराजवळचा स्टिकर किंवा मॅन्युअल बघा. पुढचे-मागचे पीएसआय तिथे दिलेले असतात. टायरवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा, तो रोज भरायचा नव्हे.

हवा सकाळी, टायर थंड असताना तपासा. गाडी चालली की टायर तापतो, प्रेशर वाढतंच. तेव्हा हवा काढली, तर थंड झाल्यावर ती कमी पडते. आणि कमी हवेवर कांद्याच्या गोण्या लादल्या, की टायरची बाजू सतत दबते, आणखी तापते. मग भर रस्त्यात टायर फुटूही शकतो. स्टेपनीसुद्धा तपासा बरं का! भेटू पुढच्या भागात.