यूपीएसचा अवधि

१२ ऑक्टोबर २०२० रोजीं सकाळीं मुंबईची वीज गेली, हें श्रोत्यांच्या स्मरणांत असेल. साथीमुळें घरांतच कचेरी थाटलेल्या कितीतरी कुटुंबांचे संगणक एकाएकीं बंद पडले. दिवा विझला तर उजेड जातो. संगणक विझला तर न सांठविलेलें कामही जातें.

वीज जातांच क्षणार्धांत भार बॅटरीवर घेणारा यूपीएस ही हानि टाळतो. परंतु त्याची मर्यादा ओळखावी. १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांच्या बॅटरींत कागदोपत्रीं ८४ वॅट-तास असतात. २०० वॅट घेणाऱ्या संगणकास हिशेबानें २५ मिनिटें मिळावींत. प्रत्यक्षांत जेमतेम निम्मीं मिळतात. हा अवधि काम पुढें रेटण्याकरितां नव्हे, तें सांठवून संगणक रीतसर बंद करण्याकरितां आहे. बॅटरीची परीक्षा मात्र वीज असतांनाच घ्यावी. तहान लागल्यावर विहीर खणून उपयोग नाहीं.