कवितेतलं पोरकं मूल



परवा वर्गात एका मावशींनी विचारलं, "गुरुजी, सही येऊ लागली, एस. टी. ची पाटी वाचता येऊ लागली. आता ही कविता कशाला? तिनं काय पोट भरतंय?"

प्रश्न रास्त आहे. पोट भरत नाही. पण उत्तराआधी माझी एक चूक सांगतो.

मी तेव्हा नवा मास्तर होतो. चौथीचा वर्ग होता. कवी यशवंत यांची 'आई' ही कविता मी मुलांकडून पाठ म्हणवून घेत होतो. एका मुलाला उभं केलं. दोन ओळी म्हणून तो थांबला. मी म्हटलं, "पुढे?" तो गप्प. पाठांतर केलं नाही असं समजून मी त्याला छडी मारली. तो रडला नाही. हात मागं घेऊन खाली बसला. मधल्या सुटीत त्याच्या शेजारच्या पोरानं सांगितलं, "गुरुजी, त्याची आई पावसाळ्यात वारली."

कविता त्याला चोख पाठ होती. पुढचा शब्द तोंडातून निघत नव्हता, एवढंच.

हे यशवंत म्हणजे यशवंत दिनकर पेंढरकर. जन्म १८९९ चा, आपल्या सातारा जिल्ह्यातल्या चाफळचा. समर्थांनी रामाचं देऊळ बांधलं, तेच चाफळ. शिक्षणासाठी ते सांगलीला राहिले. तिथं साधुदास नावाचे कवी होते, त्यांच्या सहवासात कवितेला वळण लागलं. पुढे पुण्यात रविकिरण मंडळात नाव झालं, बडोद्याचे राजकवी झाले. १९८५ साली वारले. सांगायचं कारण इतकंच, की ही कविता लिहिणारा माणूस आपल्याच मुलखातला.

आता त्या कवितेत आहे काय? आई नसलेलं मूल बोलतं आहे. दुसरंच कुणीतरी आपल्या आईला हाक मारतं आणि ती हाक याच्या कानी पडते. तिथून सुरुवात. मग ते आसपास बघू लागतं. चिमणी पिलांना चारा भरवते आहे. गोठ्यात गाय वासराला चाटते आहे. तुम्ही म्हणाल, हे तर आम्ही रोज बघतो, यात रडण्यासारखं काय? तेच तर! आपण बघतो आणि धार काढायला बसतो. आई नसलेलं पोर मात्र तिथंच थबकतं.

मोठ्या माणसाचं दुःख मोठ्या गोष्टींत असतं. मयत, दिवसकार्य, मागं राहिलेलं कर्ज. पोराचं तसं नसतं. केस कोण विंचरणार, भाकरीचा पापुद्रा कोण काढून देणार, शाळेतून आल्यावर दप्तर कुणापुढं टाकायचं, यात त्याचं दुःख असतं. कवीनं हे ओळखलं आणि आपल्याला गोठ्यात नेलं.

भयाचंही असंच. पोरं बागुलबुवाला भितात असं आपण म्हणतो. पण दिवेलागण झाली, सगळ्यांच्या आया रानातून परतल्या आणि आपली अजून आली नाही, त्या वेळचं भय बागुलबुवापेक्षा मोठं. रेव्हरंड ना. वा. टिळकांची 'केवढे हे क्रौर्य' म्हणून कविता आहे. बाण लागलेली पक्षीण तशीच पिलांकडे धाव घेते. पिलांना बिचाऱ्यांना काहीच ठाऊक नसतं. आपल्याला ठाऊक असतं. त्यामुळं त्यांच्या वाट्याचं भय आपणच भोगतो.

आणि मावशी, तुम्हाला कविता नवी कुठं आहे? पूर्वी आठ-दहा वर्षांच्या पोरी सासरी यायच्या. रडायची चोरी. मग पहाटे जात्यावर बसून ओवी म्हणायची. घरघरीत आवाज बुडाला तर बुडाला. आई, भाऊ, माहेरची वाट, सारं त्या ओवीत असायचं. ती कविताच की! गिरण्या आल्या आणि जाती कोपऱ्यात गेली. तरी हेमा राईरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगाव फिरून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या बायांपैकी पुष्कळजणींना अक्षरओळख नव्हती. आपल्या घरातल्या ओव्या मात्र कुणी लिहून ठेवल्या? आता तुम्हाला लिहिता येतं, म्हणून विचारतो.

त्या मुलाचं सांगतो. घरात आईचं नाव कुणी काढत नव्हतं. पोरानं रडू नये म्हणून. "देवाघरी गेली", एवढं सांगून सगळे आपापल्या कामाला लागलेले. आपल्याकडे हे असंच करतात, वाईट हेतूनं नव्हे. त्याच्या मनात जे चाललं होतं ते मोठ्यानं बोलणारी गावात एकच गोष्ट होती, ती म्हणजे पुस्तकातली ती कविता. आणि नेमकी तिच्यावरच मी छडी मारली.

दुसऱ्या दिवशी त्याला जवळ बसवलं. माफी मागायचं धैर्य झालं नाही, तेव्हा मास्तर पोरांची माफी मागत नसत. मी कविता वाचली, तो ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, "गुरुजी, आमची गाय पण अशीच चाटती."

आज तीच कविता फळ्यावर लिहिली आहे. मी सावकाश वाचतो. तुम्ही माझ्याबरोबर या. मध्येच कुणाला थांबावंसं वाटलं, तर खुशाल थांबा. मी "पुढे?" म्हणणार नाही.