कोलेजनचा डबा की फुल बाह्यांचा शर्ट?

एसटीत खिडकीशी बसलेले, मंचरच्या टपरीवर चहा घेणारे, सगळ्यांचं स्वागत. आजचा विषय तुम्ही रील्सवर पाहिलाच असेल. कोलेजन पावडर. रोज एक चमचा घ्या, सुरकुत्या गायब! पहिल्या पगारातून आईसाठी डबा मागवायचाय? मग आधी एवढं ऐका.

कोलेजन हे प्रथिन आहे. नारायणगावकडे टोमॅटोची झाडं बांबू-तारेच्या आधाराने उभी असतात ना, तसा त्वचेला आधार कोलेजनचा. विशीनंतर ते हळूहळू कमी होतं, बाईची पाळी गेल्यावर जास्त वेगाने. पण पावडर खाल्ली की ती थेट गालावर जात नाही. पोटात तिचे तुकडे होतात आणि शरीर ते हवे तिथे वापरतं.

मग फायदा होतो की नाही? २०२५ मध्ये 'अमेरिकन जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये २३ चाचण्यांचा, म्हणजे १४७४ लोकांचा एकत्र आढावा आला. सगळ्या चाचण्या मिळून फायदा दिसला. पण कंपन्यांच्या पैशांशिवाय झालेल्या चाचण्या वेगळ्या काढल्या, तर दिसला नाही. चांगल्या दर्जाच्या चाचण्यांतही नाही. आता बोला!

आणखी एक. कोलेजन येतं जनावरांच्या नाहीतर माशांच्या कातडी-हाडांतून. घरात कोणी माळकरी असेल, तर डब्यावरची खूण बघा. तपकिरी त्रिकोण म्हणजे मांसाहारी. हिरवी खूण असलेल्या 'कोलेजन बिल्डर'मध्ये बहुतेक वेळा कोलेजन नसतंच, क जीवनसत्त्व वगैरे असतं. ते तर आवळ्यात, पेरूत, लिंबातही आहे.

मग त्वचा लवकर म्हातारी कशाने दिसते? वय आहेच, बिडी-सिगारेट आहे, पण मोठा वाटा उन्हाचा. २०१२ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एका ६९ वर्षांच्या अमेरिकन ड्रायव्हरचा फोटो छापून आला. २८ वर्षं डिलिव्हरी ट्रक चालवलेला. तिकडे ड्रायव्हर डावीकडे बसतो. त्याच्या चेहऱ्याची खिडकीकडची डावी बाजू उजवीपेक्षा कितीतरी जास्त सुरकुतलेली! माणूस एक, वय एक, जेवण एक. फरक फक्त उन्हाचा. आळेफाट्याहून वाशीला माल नेणाऱ्या दादांनो, आपल्याकडे ती बाजू उजवी बरं का.

आणि टोमॅटो तोडणाऱ्या, कांदा काढणाऱ्या आपल्या आया-मावश्या? त्यांना तर दोन्ही बाजूंनी ऊन. साडीवर घरातल्या कुणाचा तरी जुना फुल बाह्यांचा शर्ट आणि डोक्याला गुंडाळलेला रुमाल, याला आपण गावठी म्हणून हसतो. पण त्वचेसाठी तेच खरं काम करतं. उघड्या राहणाऱ्या चेहऱ्याला सनस्क्रीन. ऑस्ट्रेलियातल्या २०१३ च्या अभ्यासात, मनाला येईल तेव्हा लावणाऱ्यांपेक्षा रोज लावणाऱ्यांच्या त्वचेचं वय साडेचार वर्षांत २४ टक्के कमी वाढलं. घाम आला की पुन्हा लावायचं, एवढंच.

म्हणून डबा मागवायच्या आधी आईला सुती शर्ट, रुंद काठाची टोपी आणि सनस्क्रीनची ट्यूब घ्या. उरलेल्या पैशांत डाळ, अंडी, फळं. आणि हो, हातावरच्या सुरकुत्या तशाच राहिल्या तरी काही बिघडत नाही. त्या हातांनीच आपली फी भरलीय.

भाग आवडला तर घरच्या ग्रुपवर टाका. भेटू पुढच्या आठवड्यात!