फेरफारातून गेलेली इस्टेट

(म्हसावद येथील व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



आजोबानं मिळवलं, बापानं राखलं, नातवानं उडवलं, असं आपण पारावर बसून सहज बोलून जातो. नातू पत्ते कुटायचा, दारू प्यायचा, झाला निकाल! मला हा निकाल पटत नाही. आपल्या शहादा-तळोदा भागात इस्टेटी गेल्या त्या जास्त करून कागदावर गेल्या.

भिल्ल कुटुंबाचं शेत कसं जायचं ते आठवा. आषाढात घरात दाणा नाही, म्हणून सावकाराच्या ओट्यावरून खावटी उचलायची. एक पोतं नेलं की सुगीला दीड पोतं. पाऊस फिरला की त्या दीडाचंही दीड. त्यात पोराचं लग्न निघायचं, दहेजाची, म्हणजे वधूमूल्याची, रक्कम पुन्हा त्याच ओट्यावरून. शेवटी कुठल्याशा कागदावर अंगठा उमटायचा आणि पाच-सात एकर 'तात्पुरते' दुसऱ्याच्या नांगराखाली जायचे. बाप गेल्यावर मुलगा त्याच शेतात आखाजी ते आखाजी सालदार! त्याला वारशात मिळालं ते बापाचं देणं. या हकिकतीत उधळ्या नातू मला तरी कुठे दिसत नाही.

हे उघडपणे बोललं गेलं ते याच तालुक्यात. अंबरसिंग सुरतवंतींसारखा भिल्ल कार्यकर्ता उभा राहिला, 30 जानेवारी 1972 ला शहाद्यात भूमुक्ती मेळावा भरला, त्याच वर्षी श्रमिक संघटना निघाली. त्यानंतर कायदे आले. 1 एप्रिल 1957 ते 6 जुलै 1974 या काळात आदिवासीची जमीन बिगर आदिवासीकडे गेली असेल, तर ती परत मागता येऊ लागली. व्यवहार कायदेशीर असला तरीही! फक्त अशा वेळी जमिनीच्या आकाराच्या, म्हणजे शेतसाऱ्याच्या, 48 पटीपर्यंत रक्कम आणि सुधारणांची किंमत हप्त्यांनी भरायची. सर्वोच्च न्यायालयानं 1984 मध्ये हा कायदा उचलून धरला. आज आदिवासी खातेदाराच्या सातबाऱ्यावर जमीन महसूल संहितेच्या कलम 36, 36अ चा शेरा दिसतो, तो त्याच धड्यातून आलेला.

पण जमीन परत मागणार कोण? ज्याचा बाप किंवा आजा कागदावर होता तो. आजा गेला, वारस नोंद झालीच नाही, बापही गेला, अशी घरं किती असतील! त्यांच्या हक्काला कायदा असून वाट नाही.

आता पाटील मंडळींनी हसू नये. तुमच्याकडे ऊस आहे, केळी आहे, विहिरीवर मोटार आहे, आणि बहिणीचं नाव 'इतर हक्क' या रकान्यात आहे. राखी झाली की हक्कसोड पत्रावर सही! महाराष्ट्रानं 1994 साली आणि केंद्रानं 2005 साली मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत वाटा दिला. लग्नाच्या तारखेचा किंवा बाप हयात असण्या-नसण्याचा त्या हक्काशी संबंध नाही, हे 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं. मुलीला वगळून राखलेली इस्टेट घरात राहिली असं आपण म्हणतो. कोणाच्या घरात, ते विचारत नाही. आदिवासी बहिणींना तर हा हिंदू वारसा कायदा लागूच नाही.

मला सगळ्यात शहाणं कलम वाटतं ते 2006 च्या वनहक्क कायद्यातलं. सातपुड्याच्या पायथ्याला ज्यांच्या हाती पट्टे पडले त्यांना ते ठाऊक असेल. ही जमीन वारसाला मिळते, विकता येत नाही, आणि नवरा-बायको दोघांच्या नावे लागते. 'विकता येत नाही म्हणून बँक विचारत नाही' ही तक्रार मी ऐकली आहे, आणि ती खरी आहे. तरी खावटीच्या पोत्यात गेलेल्या जमिनी आठवल्या की मी त्या कलमाच्या बाजूनं उभा राहतो.

आता कामाचं. खातेदार वारल्यावर तीन महिन्यांत तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, वर्दी द्यायची असते. मुदत उलटली म्हणून हक्क बुडत नाही, पण नोंद लांबली की भांडण वाढतं. ज्यांनी सातबारा सोबत आणला आहे त्यांनी आभारप्रदर्शनानंतर थांबावं. पुढच्या बाकावर बसून एकेक उतारा बघू. बहिणींनी आधी यावं.